रानपिंगळ्यामागचा कोंबडा

विंचूरच्या बाहेर कांद्याच्या चाळी संपतात तिथे एक जुनी चिंच आहे. त्या चिंचेभोवतीच्या दोरीबाहेर रविवारी सकाळी आठ वाजता हजारभर माणसं मान खाली घालून बसलेली मी पाहिली. ट्रॅक्टरमधून आलेली, रिक्षातून आलेली आणि नाशिकहून एसी गाड्यांतून आलेली. येवल्याच्या रस्त्यापर्यंत वाहनांची रांग होती. सगळ्यांच्या माना खाली, कारण वर बघायला सक्त मनाई होती.

"वर बघाल तर पाखरू उडंल! उडालं की पुन्हा शंभर वर्षं यायचं नाय!" एक चेला माइकवरून बजावत होता.

मग पक्षीनाथ महाराज मंचावर आले. भगवी शाल, काळा चष्मा, आणि डावा हात कायम शालीच्या आत. त्या हातात म्हणे जपमाळ असते. मंचाच्या दोन्ही बाजूंना मोठे साउंड बॉक्स होते. त्यांना भगवा रंग मारलेला होता, पण खालून एका लग्नाच्या डीजेचं जुनं नाव अजून दिसत होतं. ते वाचायला कुणाला फुरसत नव्हती.

एका गृहस्थांनी विचारलं, "महाराज, बोअरला पाणी लागंल का?"

महाराजांनी डोळे मिटले. शाल जराशी हलली. आणि चिंचेच्या शेंड्याकडून आवाज आला, "ओऊऽऽ… ओऊऽऽ…" पाच वेळा. पाचवा आवाज संपतो न संपतो तोच चेल्यांनी "पक्षीनाथ महाराज की जय" असा घोष केला आणि हजार माणसांनी तो उचलला.

"पिंगळा म्हणतो, पूर्वेला खणा. पण आधी मन खणा," महाराजांनी भाषांतर केलं.

पुढच्या बाईंना मुलीची सोयरीक विचारायची होती. पाखरू पुन्हा पाच वेळा "ओऊ" म्हणालं. त्याचा अर्थ या वेळी 'दक्षिणेकडचं स्थळ' असा निघाला. एका तरुणाला व्हिसा हवा होता. पाच वेळा "ओऊ". अर्थ, 'कागदपत्रं शुद्ध भावाने भर'. बोअरवेल, सोयरीक आणि व्हिसा हे सगळं एका "ओऊ"मध्ये मावत असेल, तर मराठीतले बाकीचे शब्द आपण उगाच सांभाळत बसलो आहोत.

मंचामागे पंधरा फुटी फलक होता. 'जगाने मेला म्हणून सोडलेला, मरणातून परत आलेला दैवी रानपिंगळा! जो स्वतः मेला नाही तो भक्तांना मरू देईल का? जिल्ह्यातील पक्षीमित्रांकडून प्रमाणित.' आणि त्याखाली, लाल अक्षरांत, प्रमाणित करणाऱ्याचं नाव.

ते नाव माझं होतं. ते तिथे कसं गेलं ते आधी सांगतो, कारण या तमाशाला पहिला हातभार मीच लावला होता.

मी नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात तयार माल तपासतो. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवायचा, हे माझं काम. सुटीच्या दिवशी पक्षी बघतो. जिल्ह्यातल्या पक्षीनिरीक्षकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कुणाला दुर्मीळ पक्षी दिसला की तो ग्रुपवर कळवतो आणि मी ती नोंद तपासतो. तारीख काय, ठिकाण कुठलं, फोटो आहे का, आणखी कुणी पाहिला का. पटलं तरच तो पक्षी जिल्ह्याच्या यादीत जातो. आठ वर्षं मी हे करतोय. कुणाच्या पिंजऱ्यातून सुटलेला पोपट एकाने 'परदेशी पाहुणा' म्हणून पाठवला, तो मी नाकारला. एकाचा गरुड निघाला घार, तोही नाकारला. लोक मला खडूस म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

डिसेंबरात विंचूरहून वाल्मीकचा निरोप आला. वाल्मीक आमच्यातला सर्वांत गुणी पोरगा, तिथल्या वाइन पार्कात नोकरी करतो. आईला घेऊन तो या महाराजांकडे गेला होता. त्याने चिंचेजवळून आवाज टिपला आणि मला पाठवला. "दादा, हा साधा पिंगळा नाही. ऐका तर."

मी तो लागोपाठ तीन वेळा ऐकला. तो रानपिंगळ्याचा आवाज होता. घुबडाच्या जातीतला हा छोटा पक्षी शंभराहून जास्त वर्षं कुणाला दिसलाच नव्हता. संपला असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि मग तो सातपुड्याच्या जंगलात जिवंत सापडला. त्याला सागाचं रान लागतं. विंचूरला कांदा आहे, द्राक्षं आहेत, मका आहे. सागाचं रान नाही. हे मला चांगलं माहीत होतं. पण 'विंचूरचा रानपिंगळा, नोंद तपासणारे अमोल' अशी ओळ डोळ्यांपुढे दिसायला लागल्यावर माहीत असलेल्या गोष्टी मी बाजूला सारल्या.

मग ग्रुपमधले आणखी सहा जण धावले. नाशिकहून गेले, सटाण्याहून गेले. सगळ्यांनी आवाज टिपले, पक्षी मात्र कुणी पाहिला नाही. कसा पाहणार? आमचाच एक नियम आहे की दुर्मीळ पक्ष्याच्या झाडापासून पन्नास पावलं लांब राहायचं, त्याला त्रास द्यायचा नाही. महाराजांना हा नियम इतका आवडला की त्यांनी झाडाभोवती दोरीच बांधून टाकली. मी सात ध्वनिफिती म्हणजे सात साक्षीदार धरले, 'नोंद स्वीकारली' असं लिहिलं, आणि वर उत्साहाने चार ओळी ठोकल्या, 'जगाने मेला म्हणून सोडलेला हा पक्षी मरणातून परत आला आहे.' तिसऱ्या दिवशी त्या ओळी फलकावर होत्या.

गंमत म्हणजे महाराजांना आपलं पाखरू कुठलं तेही ठाऊक नव्हतं. इंटरनेटवरून मिळेल तो पिंगळ्याचा आवाज त्यांनी उतरवून घेतला होता. तो दुर्मीळ आहे हे त्यांना आम्हीच कळवलं.

हे मला कळलं ते जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी. मी कामावरून येऊन बसलो होतो. दारात साठीच्या एक बाई उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. विंचूरहून एसटीने आल्या होत्या.

"फलकावर तुमचंच नाव हाय ना?" त्यांनी मोबाइलवरचा फोटो पुढे केला. "मी जैतुनबी. कांद्याच्या खळ्यावर निवडणीला असते, घरी कोंबड्या पाळते. वाल्मीकची आई लंका, ती माझ्या शेजारी बसून बावीस वर्षं कांदा निवडती."

"बसा ना."

"बसायला नाय आले. लंकाच्या छातीत गाठ हाय. नाशिकच्या दवाखान्यात सोमवारी ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणले, आत्ता काढली तर बाई वाचंल, उशीर केला तर हमी नाय. अन् आता लंका म्हणती, जायचंच नाय. पाखरानं सांगितलं, सुरी लावू नको, पाच रविवार अंगारा लाव."

"अहो, पण त्या महाराजाचं काय ऐकता?"

"मी पण तेच म्हणले. लंके, बाबा खोटारडा हाय. तर ती काय म्हणली ठाऊक हाय? बाबा खोटा असंल गं, पण नाशिकचे साहेब खोटं कशाला लिहितील?"

तरी मी म्हणालो, "हे बघा, पक्षी खरा आहे. त्याच्या नावावर महाराज जे सांगतात ते खोटं."

"साहेब, तिकडं बाई मरायला लागली, अन् तुमाला पाखराची पडली!"

त्यांनी पिशवीतून एक ताईत काढला. लंकाबाईंच्या गळ्यातला, गुपचूप काढून आणलेला. त्यात रानपिंगळ्याचं पीस म्हणून एक तपकिरी पीस होतं. मी ते बोटांत धरून त्याची कड चाचपली. घुबडाच्या पिसाची कड कापसासारखी मऊ असते, म्हणूनच ते उडताना आवाज होत नाही. हे पीस ताठ होतं आणि त्याला, तपकिरी रंगासाठी वापरलेल्या चहाच्या पाण्याचा वास येत होता.

"हे कोंबडीचं आहे," मी म्हणालो.

"माझ्याच कोंबडीचं हाय. बाबाचा चेला दर आठवड्याला पिसं गोळा करून नेतो. उशा भरायच्यात म्हणला."

पीस खोटं, ठीक आहे. पण आवाज तर मी स्वतः तपासलाय, असं म्हणत मी वाल्मीकची ध्वनिफीत त्यांना ऐकवली. मला वाटतं, मी त्यांना नाही, स्वतःलाच पटवत होतो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. पाचवी हाक झाली आणि त्यांनी विचारलं, "हा कोंबडा कुणाचा?"

"कुठला कोंबडा?"

"पाखरू थांबलं का मागं आरवतोय की! आमचा कोंबडा लांब ताण देतो. ह्यो तुटक तुटक वरडतोय. असला कोंबडा आख्ख्या विंचुरात नाय."

मी हेडफोन लावले. डिसेंबरातल्या तुरळक भक्तांच्या जयघोषाखालून, लांब, बारीक, पण स्पष्ट. रानकोंबडा! दाट जंगलात राहणारा. कांद्याच्या चाळींत तो येणं शक्य नव्हतं. आणि त्याच्या मागोमाग एक माणूस खोकला.

मी दुसरी फीत लावली, सटाण्याच्या सभासदाची, आठ दिवसांनंतरची. पाच हाका, कोंबडा, खोकला. तिसरी लावली. तेच. मी ग्रुपमधल्या वेदिकाला फोन केला, ती संगणकावर आवाजांचे आलेख काढते. तिने सातही फितींचे आलेख एकाखाली एक ठेवून पाठवले. गावच्या कुत्र्यांचा, ट्रॅक्टरचा आणि जयघोषाचा आवाज प्रत्येकीत वेगळा होता, पण हाका, कोंबडा आणि खोकला यांत तसूभर फरक नव्हता.

"काका, हे सात साक्षीदार नाहीत," वेदिका म्हणाली. "एकच फीत सात वेळा वाजलीय." तासाभरात तिने मूळ फीतही शोधून दिली. कुणीतरी काही वर्षांपूर्वी सातपुड्यात टिपून इंटरनेटवर ठेवलेली. खोकणारा बहुतेक तोच.

आठ वर्षांचा परीक्षक, सात निरीक्षक, महागड्या दुर्बिणी, आणि एकालाही कोंबडा ऐकू आला नव्हता. कारण कोंबडा नोंदवून कुणाचं नाव होत नाही. दुर्मीळ काय ते ऐकायचं, बाकी सगळा गोंगाट, अशी आमच्या कानांना खोड लागली होती. कोंबड्या पाळणाऱ्या बाईने तो पहिल्या झटक्यात पकडला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी तेव्हाच ग्रुपवर नोंद मागे घेतली आणि वाल्मीकला फोन केला. तो म्हणाला, "दादा, आईला तिथं मीच नेलं होतं." शनिवारी त्याने आईला माझा निरोप वाचून दाखवला. लंकाबाई म्हणाल्या, "आधी लिहिलं खरं, आता लिहिलं खोटं. उद्या आणिक काय लिहितील. मी माझ्या कानानं ऐकलंय." त्यांचंही काय चुकलं? त्यांनी खरंच ऐकलं होतं. तेव्हा जिथे ऐकलं तिथेच उकलून दाखवणं भाग होतं.

म्हणून त्या रविवारी मी त्या गर्दीत होतो. व्हिसावाला तरुण पाया पडून उठला आणि लंकाबाईंचं नाव पुकारलं गेलं. वाळलेली बाई, डोळ्यांत भीती. तिसऱ्या रविवारचा अंगारा घ्यायला त्या पुढे झाल्या. त्यांच्या बरोबर जैतुनबी उठल्या.

"महाराज, माझा बी एक सवाल हाय."

"विचार माय, विचार. पाखराला जातधर्म नसतो," महाराज उदारपणे म्हणाले.

"सवाल नंतर. आधी मी सांगते, पाखरू आता काय करणार." जैतुनबींचा आवाज बाजारात अंडी विकून कमावलेला, त्यांना माइक लागला नाही. "पाखरू पाच येळा बोलंल. मग कोंबडा आरवंल, तुटका. मग एक माणूस खोकंल. फकस्त कुणी जय म्हणू नका. गप बसा अन् मोजा."

गर्दीत कुजबुज झाली. महाराज हसले. त्यांना हसू यायचंच. पाचव्या हाकेच्या पुढे त्या फितीत काय आहे हे त्यांनी जन्मात कधी ऐकलं नव्हतं, तिथे तर रोज त्यांचाच जयजयकार असायचा. शाल हलली.

"ओऊऽऽ…"

"एक," जैतुनबी म्हणाल्या.

"ओऊऽऽ…"

"दोन," पुढच्या रांगेतली पोरंही मोजायला लागली. तीन, चार, पाच. एका चेल्याने घोषासाठी तोंड उघडलं, तर शेजारच्या म्हातारीने त्याला दटावलं, "गप रे!"

त्या शांततेत चिंचेच्या झाडावर कोंबडा आरवला. तुटक तुटक. आणि मग चिंचेचं झाड खोकलं.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "महाराज, पाखराला सर्दी झाली का?" आणि हशा पिकला.

"मूर्खांनो, ही त्याची लीला आहे!" महाराज गरजले. "तो कोंबड्याची वाणीही बोलतो, माणसाचीही बोलतो!"

"मग पुन्हा बोलू द्या की," जैतुनबी म्हणाल्या. "या बारीला आधी खोकायला सांगा."

गर्दीने "पुन्हा, पुन्हा" असा गिल्ला केला. महाराजांचा हात घाईने शालीतून बाहेर आला आणि जपमाळेऐवजी मोबाइल खाली पडला. पडता पडता तो दाबला गेला असावा. "ओऊऽऽ…" आता हजार तोंडं एका सुरात मोजत होती. पाच. कोंबडा. खोकला. माना कधीच वर गेल्या होत्या.

वाल्मीक दोरी ओलांडून चिंचेवर चढायला लागला. चेला किंचाळला, "अरे, पाखरू उडंल! शंभर वर्षं यायचं नाय!"

"नाही उडणार," वरून वाल्मीकचा आवाज आला. "तारेनं बांधलंय." ढोलीतून त्याने भगव्या फडक्यात गुंडाळलेला, पाण्याच्या तांब्याएवढा स्पीकर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. तो अजून "ओऊ" करत होता.

बंदोबस्ताला आलेला हवालदार मंचाजवळ सरकला. मी माइक घेतला आणि महाराजांना एकच प्रश्न विचारला. "तुम्ही पिसं वाटलीत. ती रानपिंगळ्याची असतील तर वन्यजीव कायद्याखाली तुम्हाला आत्ता तुरुंगात जावं लागेल. कोंबडीची असतील तर तुम्ही या लोकांना फसवलंत. कुठली आहेत?"

मरणातून परत आलेल्या पाखराचा तो दुभाष्या हवालदाराकडे बघत ओरडला, "कोंबडीची! देवाशपथ कोंबडीची हायेत, साहेब!"

दोन महिन्यांत महाराज बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. हवालदाराने त्यांना गाडीत बसवलं.

मग मी जे बोललो ते बोलणं मला जड गेलं. म्हणालो, "फलकावरचं नाव माझं आहे. मी पाखरू पाहिलं नव्हतं. न पाहताच लिहिलं, कारण मला ते हवं होतं. माझ्यामुळे तुमचा विश्वास बसला. मला माफ करा." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते योग्यच होतं.

लंकाबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"दादा, पाखरू नव्हतंच?"

"नव्हतं, मावशी."

"मग सुरी लावू नको असं मला कोण म्हणलं?"

"कुणीच नाही."

त्यांनी गळ्याशी हात नेला. जैतुनबींनी परत बांधलेला ताईत त्यांनी तोडला, त्यातलं पीस काढलं आणि मैत्रिणीच्या हातावर ठेवलं. "घे, तुझ्या कोंबडीचं हाय." आणि वाल्मीककडे वळून म्हणाल्या, "उद्या किती वाजता निघायचं?"

सोमवारी गाठ निघाली. अजून बरेच दिवस औषधं घ्यायची आहेत. पाच रविवार थांबलं असतं तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या गर्दीतले काही जण पुढच्या रविवारी दुसऱ्या गावी, दूध पिणाऱ्या दगडाच्या दर्शनाला गेल्याचं कळलं. त्यांनाही माझं सांगणं आहे आणि माझ्यासारख्या दुर्बिणवाल्यांनाही. हजार लोकांनी ऐकलं म्हणजे हजार पुरावे झाले असं नसतं. वर बघू नका असं कुणी सांगितलं, की आधी वर बघा. झाडापासून लांब थांबायला सांगितलं, तर कुणासाठी थांबवताय ते विचारा. आणि आपल्याला हवं ते ऐकू आलं की त्याच्या मागे आणखी काय वाजतंय तेही ऐका.

जिल्ह्याच्या नोंदवहीत आता दुरुस्ती केली आहे. त्या जागी लिहिलंय, 'रानपिंगळा : नाही. चिंचेवर स्पीकर. फितीत रानकोंबडा आणि एक खोकणारा इसम. ओळख पटवणाऱ्या : जैतुनबी, विंचूर.' आठ वर्षांतली एवढी चोख नोंद माझ्या हातून दुसरी झालेली नाही.